गावात किराणा मांडताना: कोणता माल कुठे, आणि का

दुकान टाकायचं ठरलं की माणूस आधी होलसेलवाल्याकडे यादी घेऊन धावतो. मीही तेच केलं होतं. हिंगणघाटहून गाडी आली, पोती उतरली, खोके उतरले, आणि बारा बाय वीसच्या गाळ्यात मधोमध उभं राहून मला प्रश्न पडला, की हे ठेवायचं कुठे? मग जिथे जागा दिसली तिथे ठेवलं. साखर मागे, साबण पुढे, मीठ दाराच्या कोपऱ्यात, चहापत्ती वरच्या फळीवर. पहिल्या महिन्यात माझे पाय जेवढे दुखले, तेवढे कापूस वेचणीच्या दिवसांतही कधी दुखले नव्हते.

वर्धा जिल्ह्यातल्या रस्त्यापासून आत असलेल्या गावात मी हे दुकान चालवतो. सुरुवातीला सगळं काउंटरच्या आत होतं. आता अर्धं दुकान ग्राहकाला आत येऊन हातानं घेता येतं. नव्यानं किराणा टाकणारी पोरं येऊन विचारतात, म्हणून हे एकदा लिहून काढतो.

मार्ट बघून या, पण त्याची नक्कल करू नका

आधी मोठ्या शहरातल्या मार्टात एक चक्कर मारा. काही घेऊ नका, नुसते हिंडा. भाजी-फळं बहुतेक दारातच असतात, कारण ताजा हिरवा माल पाहून मन प्रसन्न होतं आणि पुढचं सगळंच ताजं वाटायला लागतं. दूध-दही मात्र पार मागच्या भिंतीला. रोज लागणारी वस्तू मागे ठेवली की माणूस तिथवर जाता-येता चार वस्तू उचलतो, हे एक कारण. दुसरं कारण साधं आहे. माल उतरवायचं दार आणि थंड खोली मागेच असते, त्यामुळे थंड माल तिथेच ठेवणं सोयीचं पडतं. लोक पहिलंच कारण सांगत सुटतात. दोन्ही खरी आहेत.

डोळ्यासमोरच्या फळीवर जास्त नफ्याचा किंवा जास्त जाहिरातीचा माल असतो, स्वस्त माल खाली वाकून घ्यावा लागतो. रॅकच्या टोकाला, वळणावर, एकाच मालाचा ढीग लावलेला दिसेल. तिथे पाय आपोआप मंदावतो. लेकरांचा माल लेकरांच्या डोळ्यासमोर. आणि पैसे द्यायच्या रांगेत चॉकलेट, च्युइंगम, बॅटरीचे सेल, म्हणजे उभ्या उभ्या हात जाईल असं काहीतरी.

ही रीत कुठून आली तेही माहीत असावं. शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेतही किराणा आपल्यासारखाच होता. ग्राहक यादी द्यायचा आणि काउंटरमागचा नोकर माल काढून द्यायचा. १९१६ साली मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स नावाच्या माणसानं पिगली विगली हे दुकान काढलं. दारात फिरतं फाटक होतं, हातात टोपली दिली जायची, आणि आत एकच वळणावळणाची वाट होती. ती प्रत्येक फळीसमोरून जाऊन पैशाच्या खिडकीपाशीच निघायची. प्रत्येक वस्तूवर किंमत लिहिलेली. पुढच्याच वर्षी त्यानं या मांडणीचं पेटंटही घेतलं. नोकर कमी लागले, आणि ग्राहकाला यादीत नसलेलं सगळं दिसायला लागलं. ढकलगाडी तर त्यानंतर वीसेक वर्षांनी आली. १९३७ साली ओक्लाहोमातल्या सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराच्या लक्षात आलं, की हातातली टोपली जड झाली की माणूस खरेदी थांबवतो.

आता हे सगळं कोणासाठी बांधलेलं आहे ते बघा. महिन्याला पगार होणारा, आठवड्यातून एकदा गाडी घेऊन येणारा, तासभर मोकळा असलेला माणूस. आपला ग्राहक दिवसातून तीनदा येतो, वीस-तीस रुपये हातात असतात, चुलीवर आधण ठेवून आलेला असतो. त्याला हिंडवलं तर तो जास्त घेत नाही, समोरच्या दुकानात जातो. मार्ट ग्राहकाच्या पायांचा हिशेब करतं, गावच्या दुकानात आपल्या पायांचा हिशेब करावा लागतो. माझी सगळी मांडणी शेवटी यावरच येऊन थांबली.

आठ दिवस वही धरा

दुकान सुरू असेल तर आठ दिवस एक वही गल्ल्याजवळ ठेवा. दुकान अजून व्हायचं असेल तर नात्यातल्या कोणाच्या दुकानाच्या ओट्यावर जाऊन बसा. प्रत्येक वेळी कोणता माल काढायला उठावं लागलं, त्यापुढे एक रेघ मारायची. किती रुपयांचा माल गेला ते लिहू नका, किती वेळा उठलो तेवढंच लिहा. वेळेचे तीन रकाने पाडा: सकाळ, दुपार, संध्याकाळ.

माझ्या वहीत निम्म्याहून जास्त रेघा सात-आठ मालांपुढेच निघाल्या: चहापत्ती, साखर, बिस्किटं, तेलाची पाकिटं, मीठ, तिखट, साबण, आणि पुड्या-बिड्या. सकाळी वावरात जायच्या आधी चहा-साखर आणि बिस्किट. दुपारी शाळेतली लेकरं चिल्लर घेऊन. दिवे लागायच्या वेळी तेल, डाळ, तिखट, कांदे, आलू. याउलट पंचवीस किलोच्या तांदळाच्या कट्ट्यापुढे आठ दिवसांत मोजून चार रेघा होत्या, आणि मी तो कट्टा गल्ल्याला लागून ठेवला होता! का, तर महाग माल नजरेसमोर असावा म्हणून.

ज्या मालापुढे सगळ्यात जास्त रेघा, तो गल्ल्यापासून दोन पावलांत, कमरेच्या वर आणि खांद्याच्या खाली. साखर, डाळ, पोहे असा सुटा तोलायचा माल काट्याच्या उजव्या हाताला, झाकणाच्या डब्यांत. डावखुरे असाल तर डाव्या हाताला. चार-पाच रेघांचा माल दुसऱ्या भिंतीला. महिन्यातून एकदा निघणारा, म्हणजे पूजेचा नारळ, सुतळी, कपूर, पणत्या, तो वरच्या फळीवर किंवा मागच्या खोलीत. उठबस कमी झाली की संध्याकाळच्या गर्दीत एका माणसाच्या हातानं दोन माणसांचं काम होतं. गावच्या दुकानात नोकर ठेवणं परवडत नाही, हे मी सांगायला नको.

दुकानाचे दोन भाग

पूर्ण उघडं, मार्टसारखं दुकान लहान गावात मला अजून जमलेलं दिसलेलं नाही. पूर्ण बंद काउंटरही आता चालत नाही, कारण तालुक्याला जाऊन आलेल्या बायकांना वस्तू हातात घेऊन बघायची सवय लागली आहे. म्हणून अर्धं-अर्धं. दारातून शिरल्यावर एका बाजूला काउंटर, गल्ला, काटा आणि मागे सुटा माल. दुसऱ्या बाजूला भिंतीलगत अँगलचा रॅक आणि मधे निदान तीन फूट वाट. दोन बायका थैल्या घेऊन एकमेकींना ओलांडू शकल्या पाहिजेत. वाट अडीच फुटांची ठेवली की मागची बाई पुढचीला धक्का लागेल म्हणून आत येतच नाही, दारातूनच मागते. मग रॅक असून नसल्यासारखा.

रॅक भिंतीला खिळवून घ्या. पोरं फळीवर पाय देऊन चढतात.

आणि उघड्या रॅकची खालची फळी दाराजवळ असेल तर तिथे बिस्किटं ठेवू नका. हे मी शेळीकडून शिकलो. दुपारी मी आत जेवत होतो. एक शेळी शांतपणे आत आली आणि तिनं ग्लुकोजच्या बिस्किटांचे पुडे कागदासकट चावले. मालकीण आली ती मलाच बोलायला, की माझ्या शेळीच्या पोटात प्लास्टिक गेलं. आता त्या फळीवर फिनाईल आणि बादल्या आहेत.

उघड्या भागात काय ठेवायचं? ज्याला तोलावं लागत नाही आणि जे ग्राहकाला स्वतः निवडायला आवडतं ते: साबण, तेलाच्या बाटल्या, पावडर, टूथपेस्ट, बिस्किटं, शेवया, मसाल्यांची पाकिटं. आणि सॅनिटरी पॅड. पॅड पूर्वी माझ्या मागच्या फळीवर, वर्तमानपत्रात गुंडाळलेले असायचे. एका संध्याकाळी एक बाई आली. ओट्यावर तीन-चार माणसं तंबाखू मळत बसलेली. तिनं आधी माचिस मागितली, मग मीठ मागितलं, मग उगाच आल्याचा भाव विचारला. माणसं उठेनात. शेवटी ती नुसतीच माचिस घेऊन निघून गेली. मला कळायला रात्र झाली. दुसऱ्याच दिवशी पॅड रॅकच्या आतल्या टोकाला, साबण-शाम्पूच्या शेजारी ठेवले, ओट्यावरून दिसणार नाहीत असे. बाई येते, उचलते, साबणाखाली धरते, पैसे देते. विक्री किती वाढली ते मी मोजलं नाही, पण तो माल आता दर महिन्याला भरावा लागतो.

महाग आणि लहान वस्तू, म्हणजे ब्लेड, सेल, वेलदोड्याची पाकिटं, काउंटरच्या काचेतच ठेवा. रॅकच्या ज्या कोपऱ्यात गल्ल्यावरून नजर जात नाही तिथे जड आणि मोठा माल. हात मारून कोणी पाच किलोचं साबणपावडरचं पोतं नेत नाही.

वास

नवा माणूस सगळ्यात जास्त इथे फसतो, आणि ग्राहक तोंडावर काही न बोलता हळूच तुटतो. दुसऱ्या वर्षी मी तांदळाचे कट्टे आणि कपडे धुवायच्या पावडरीचे खोके एकाच भिंतीला लावले होते, कारण दोन्ही जड. पंधरा दिवसांनी शेजारच्या काकू अर्धी थैली घेऊन परत आल्या.

"भाऊ, हा भात सोड्यावानी वास मारते ना. लेकरं तोंडात घेऊन नाई राह्यले."

मी मूठभर तांदूळ हातावर चोळून नाकाशी नेला. निरम्याच्या दिवसांतल्या धुण्याच्या दगडाचा वास. बाहेरून कट्टा जसाच्या तसा होता, शिवणही पक्की. पण विणलेल्या पोत्यातून वास आत जातो, आणि उन्हाळ्यात बंद गाळ्यात तर लवकर जातो. काकूंना थैली बदलून दिली. उरलेला कट्टा आम्ही घरीच पाखडून, ऊन दाखवून, कसाबसा संपवला.

तेव्हापासून नियम पक्का आहे. दुकानाचा एक कोपरा 'वासाचा': साबण, पावडर, फिनाईल, अगरबत्ती, कापूर, डांबराच्या गोळ्या. दुसरा कोपरा 'पोटाचा': तांदूळ, कणीक, बेसन, रवा, साखर. मधे निदान एक पूर्ण रॅक असा, ज्याला वास लागतही नाही आणि वास सुटतही नाही, जसं तेलाची बंद पाकिटं, वह्या-पेन, प्लास्टिकचे डबे. चहापत्ती कोणाचाही वास पटकन ओढते, ती झाकणाच्या डब्यातच. अगरबत्तीशेजारी बेसन ठेवून बघा, भजी देवळात तळल्यासारखी लागतात.

वासाचा फायदाही करून घेता येतो. मार्टवाले पाव भाजायची भट्टी उगाच ग्राहकाच्या नाकासमोर ठेवत नाहीत. आपल्याकडे भट्टी नसली तरी मसाला आहे. भिवापुरी मिरचीचं तिखट आणि वायगावची हळद सुटी विकत असाल, तर ते डबे काट्याजवळ ठेवा आणि तोलताना झाकण उघडा. शेजारी उभी असलेली बाई विचारतेच, "हे कोणतं तिखट हाय जी?" समुद्रपूर तालुक्यातलं वायगाव आपल्याच जिल्ह्यात आहे, त्याच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे, तर डब्यावर तसं मोठ्या अक्षरात लिहायला लाजू नका. तांदळाचंही तसंच. कट्ट्याचं तोंड मोकळं करून वाटीभर दाणे वर ठेवा. आपल्या भागातलं गिऱ्हाईक नावानं आणि दाण्यानं तांदूळ ओळखतं: एचएमटी, चिनोर, जय श्रीराम. एचएमटी हे वाण चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे या शेतकऱ्यानं निवडून काढलं आणि घड्याळाच्या नावावरून त्याचं नाव पडलं. ही गोष्ट सांगितली की गिऱ्हाईक दोन मिनिटं जास्त थांबतं. मला तरी ती सांगायला आवडते.

ऊन, कूलर आणि पावसाळा

पुस्तकातल्या मांडणीत हे सापडत नाही, कारण तिथे एसी गृहीत असतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि वर टिनाचं छप्पर असतं. गाळा पश्चिमेला तोंड करून असेल तर दुपारी तीन ते सहा ऊन थेट आत येतं. सुरुवातीला एक दिवस खडूनं जमिनीवर आणि भिंतीवर उन्हाची रेघ मारून घ्या, आणि त्या रेघेच्या आत डालडा, तूप, चॉकलेट, तेल, मेणबत्त्या काहीही ठेवू नका. तिथे झाडू, बादल्या, दोरखंड चालतात. वरची फळी सगळ्यात जास्त तापते. गरम हवा टिनाखाली साचते म्हणून उन्हाळ्यात तेल-तूप खालच्या फळीवर आणायचं.

आता कूलर. गिऱ्हाईक आलं की बरं वाटावं म्हणून आपण कूलर लावतो, आणि त्याचं तोंड गल्ल्याकडे करतो. गल्ल्यामागे काय असतं? साखर. माझं अर्धं पोतं साखर कूलरच्या ओल्या वाऱ्यानं ढेकूळ झाली. मापटं आत जाईना, खलबत्त्यानं फोडून विकावी लागली. गूळ पाझरतो, पापड मऊ पडतात, बिस्किटाचा सुटा डबा सादळतो. कूलरचा वारा माणसाच्या अंगावर जाऊ द्या, मालावर नको.

पावसाळ्यात उलट. जमिनीतून ओल चढते. पोती लाकडी फळ्यांच्या चौकटीवर, जमिनीपासून निदान सहा इंच वर, आणि भिंतीपासून एक हात लांब. एक हात यासाठी, की झाडू मागे गेला पाहिजे आणि उंदराची वाट दिसली पाहिजे. मीठ एकटं ठेवा, लोखंडी रॅकपासून दूर. मिठाला पाणी सुटलं की रॅकचे पाय गंजतात. डाळीत सोंडे-टोके धरायला जुलै-ऑगस्टच लागतो, म्हणून त्या दोन महिन्यांत डाळ अर्धीच भरायची. अकोल्याच्या डाळमिलमधून माल स्वस्त येतोय म्हणून पाच पोती एकदम उचलू नका. मी उचलली होती.

फवारणीचं औषध

इथे तडजोड नाही. कीटकनाशक नियम, १९७१ नुसार माणसाच्या किंवा जनावराच्या खाण्याच्या वस्तू जिथे ठेवतात किंवा विकतात, त्याच इमारतीत शेतीचं कीटकनाशक ठेवता किंवा विकता येत नाही. मच्छरांची कॉइल, झुरळांचा स्प्रे असा घरगुती माल किरकोळीत चालतो, पण तोही वासाच्या कोपऱ्यात, लेकरांच्या हाताबाहेर.

दुकानदार स्वतः औषध विकत नाही, तरी ते दुकानात येतंच. कृषी केंद्रातून निघालेला माणूस किराणा घ्यायला थांबतो, हातातली थैली तांदळाच्या कट्ट्यावर टेकवतो. "दोन मिंटं राहू दे ना भाऊ, आलोच." त्या थैलीत फवारणीची बाटली असते, कधी झाकण सैल असतं. मी ओट्याच्या बाहेर, भिंतीला एक मोठा खिळा ठोकून ठेवला आहे. औषधाची थैली तिथे टांगायची, आत आणायची नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजुरांचे जीव गेले, तेव्हापासून कोणी वाद घालत नाही.

फळीवर कसं लावायचं

आपल्या भागातल्या बाईची नजर जमिनीपासून साधारण साडेचार फुटांवर येते. पुरुषाच्या उंचीनं रॅक लावला तर अर्धी गिऱ्हाइकं वरची फळी बघतच नाहीत. साडेचार ते अडीच फूट हा पट्टा सोन्याचा. तिथे काय ठेवायचं यावर कंपनीचा सेल्समन तुमच्याशी गोड बोलेल, रॅक फुकट देईल, डिस्प्लेची स्कीम देईल. स्कीम घ्या, पण महिन्याला किती पैसे सुटतात आणि त्या जागेवर दुसरा माल ठेवला असता तर किती सुटले असते हे वहीत मांडून घ्या. कंपनीच्या फ्रिजचंही तेच. तो दिसायला फुकट असतो, विजेचं बिल तुमचं, आणि आत दुसऱ्या कंपनीची बाटली ठेवलेली त्यांना चालत नाही.

नवा माल मागून भरा, जुना पुढे ओढा. त्याहून बरं म्हणजे, ज्याची तारीख आधी संपते तो पुढे. एजन्सीवाला कधी कधी आज आणलेल्या खोक्यातच जुन्या तारखेचा माल देतो, त्यामुळे 'नवा आला' म्हणजे 'नवी तारीख' असं नसतं. महिन्याच्या एक तारखेला एका फळीची तपासणी, दोन तारखेला दुसरीची. सगळं दुकान एका दिवशी तपासायचं ठरवलं की ते कधीच होत नाही.

फळी रिकामी दिसू देऊ नका. माल कमी असला तरी पुढच्या कडेला ओढून एक रांग भरून दाखवा. मागे पोकळ असलं तरी चालतं. एकच पुडा उरला असेल तर गिऱ्हाईक तो घेत नाही. त्याला वाटतं, कोणीतरी नाकारलेला असेल.

गल्ल्यासमोर

शाम्पू, तेल, कॉफी, मुखवास यांच्या एक-दोन रुपयांच्या लडी गल्ल्यावरच्या तारेला टांगा. गावच्या दुकानाचा खरा 'उभ्या उभ्या' उचलायचा माल तोच. सुट्टे पैसे नसले की एक पुडी जाते. मात्र सुट्ट्याच्या बदल्यात बळजबरीनं चॉकलेट देऊ नका. लोक घेतात, आणि लक्षातही ठेवतात.

लेकरांचा माल कमरेच्या उंचीला, बरणीत, दिसेल असा. पण तंबाखू-बिडी त्याच ओळीत नको. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखूचा माल विकणं गुन्हा आहे, शाळेपासून शंभर यार्डांत तर कोणालाच विकता येत नाही, आणि गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. 'आबानं पाठवलं' म्हणून आलेल्या पोराला मी रिकाम्या हातानं परत पाठवतो. आबा येऊन रागावतात, मग स्वतः घेऊन जातात.

काट्याचा आकडा गिऱ्हाइकाकडे तोंड करून असावा. आपल्याकडे तो बहुतेकदा दुकानदाराकडेच असतो, का ते तुम्हीच समजा. इलेक्ट्रॉनिक काट्याला दर वर्षी वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का लागतो. छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही, थंड बाटलीवर 'कूलिंग'चे दोन रुपयेसुद्धा नाही. अन्न नोंदणीचं प्रमाणपत्र दर्शनी भिंतीवर. सुटं खाद्यतेल विकायला बंदी आहे. बाटली घेऊन 'पाव तेल' मागायला येणारी आजी असतेच, तिच्यासाठी लहान पाकिटं गल्ल्याजवळ ठेवा म्हणजे वाद होत नाही.

भाव मोठ्या आकड्यांत, फळीच्या कडेला, खडूनं. पेननं लिहिलेली चिठ्ठी वाचायला चष्मा लागतो. तो घरी असतो.

एक टेबल सणाचं

दारातून शिरल्यावर दोन पावलांवर एक लाकडी टेबल ठेवा. अगदी उंबरठ्यात नको. उन्हातून आत आलेल्या माणसाला क्षणभर काही दिसत नाही. टेबलावर एकच विषय, आणि तो बदलत राहायचा. संक्रांतीला तीळ-गूळ आणि वाणाच्या लहान वस्तू. एप्रिल-मेमध्ये वाळवणाचा माल: पापडखार, साबुदाणा, उडीदडाळ, आणि लोणच्यासाठी मोहरीडाळ, मेथी, हिंग, हळद एकाच ठिकाणी. लोणच्याचं सगळं एकत्र दिसलं की बाईला हिंग आठवतो, नाहीतर ती घरी गेल्यावर पोराला परत पाठवते आणि तोवर तुम्ही शटर ओढलेलं असतं. श्रावणात भगर-शेंगदाणे. पोळ्याच्या आठ दिवस आधी शिंगांचे रंग, बेगड, घुंगरू, गोंडे, आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पुरणाची चणाडाळ नि गूळ. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, तेव्हा लेकरांच्या लाकडी बैलांसाठी तेच रंग लहान डब्यांत. मग महालक्ष्म्या, मग दिवाळीचे पोहे, रवा, मैदा.

कापसाचा चुकारा, म्हणजे कापूस विकल्याचे पैसे, हातात पडला की मात्र टेबल वेगळं लागतं. त्या दिवसांत माणूस पाकिटं मागत नाही, कट्टे मागतो, पंधरा लिटरचा तेलाचा डबा मागतो, आणि जुनी उधारीही चुकती करतो. मोठा माल तेव्हा पुढे काढा. पावसाळ्यात पेरणी झाली, खिसा रिकामा झाला, की पुन्हा लहान पुड्या पुढे आणि कट्टे मागे. गावच्या दुकानाचं पंचांग असं दोन टोकांचं असतं. उधारीची वही गल्ल्याखाली, झाकून. शेजारच्याचं पान शेजाऱ्याला दिसलं की भांडण दुकानात होत नाही, विहिरीवर होतं.

बदल करायचा तर

सगळं दुकान एका रात्रीत फिरवू नका. मी एकदा बाजाराच्या आदल्या रात्री फिरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून एकच घोष, "तिखट कुठी नेलं बापा?" जुनी माणसं डोळ्यानं नाही, सवयीनं माल शोधतात. आठवड्यातून एक फळी बदला, बाजाराचा दिवस सोडून. जुन्या जागेवर खडूनं बाण काढून ठेवा, आणि पंधरा दिवस तो पुसू नका. त्या पंधरा दिवसांत वही पुन्हा धरा. रेघा कमी झाल्या तर ठेवा, वाढल्या तर फळी परत जुन्या जागी.

मिठाचं पोतं मात्र मी पहिल्यापासून एकाच कोपऱ्यात ठेवलं आहे. लाइन गेली तरी म्हातारी माणसं अंधारात थेट तिथे जाऊन उभी राहतात, आणि मेणबत्ती लावेपर्यंत त्यांची थैली उघडून तयार असते.